सॉफ्टबॉलमधील पंचांची स्थाननिश्चिती व परस्परसमन्वय : एक विवेचन

बीजशब्द : सॉफ्टबॉल, प्लेट पंच, बेस पंच, द्विपंच पद्धती, दृष्टिकोन, समन्वय

प्रस्तावना :

सॉफ्टबॉलच्या सामन्यात पंचांच्या निर्णयावरून वाद उद्भवला की चर्चा बहुधा पंचाच्या नजरेभोवती किंवा त्याच्या हेतूभोवती फिरते. ‘पंचाला दिसले नाही’ किंवा ‘पंचाने पाहूनही दिले नाही’ असे दोनच आक्षेप मैदानाबाहेरून ऐकू येतात. तिसरी शक्यता सहसा कोणाच्या मनात येत नाही. ती म्हणजे, पंच जेथे उभा होता तेथून ती घटना दिसणेच शक्य नव्हते. नियमपुस्तिका तोंडपाठ असलेला, निःपक्षपाती आणि उत्तम दृष्टी असलेला पंचही चार पावले चुकीच्या जागी उभा असेल तर त्याचा निर्णय हा अंदाजच ठरतो.

महाविद्यालयीन क्रीडाक्षेत्रात या गोष्टीस विशेष महत्त्व आहे. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेतील कामगिरीवरून विद्यापीठाचा संघ निवडला जातो आणि तो संघ पुढे अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धेत उतरतो. महाराष्ट्रात प्रावीण्यप्राप्त खेळाडूंसाठी शासकीय सेवेत ५ टक्के आरक्षण असल्याने क्रीडा प्रमाणपत्राकडे विद्यार्थी आणि पालक केवळ हौसेची गोष्ट म्हणून पाहत नाहीत. अशा स्पर्धांत बहुधा दोनच पंच उपलब्ध असतात, आणि अनेकदा ते म्हणजे जवळपासच्या महाविद्यालयांतील शारीरिक शिक्षण संचालकच असतात. त्यांचे नियमांचे ज्ञान चांगले असते. मात्र कोणत्या प्रसंगी कोणी कोठे उभे राहावे, कोणी कोणता बेस सांभाळावा आणि कोणती जागा जाणीवपूर्वक मोकळी सोडावी, याचा विचार नियमांइतक्या गांभीर्याने झालेला नसतो. प्रस्तुत लेखात या स्थाननिश्चितीमागील तर्क प्रामुख्याने द्विपंच पद्धतीच्या आधारे स्पष्ट केला आहे.

मैदानाची रचना आणि पंचापुढील प्रश्न :

सॉफ्टबॉलचा जन्म १८८७ साली शिकागो येथे, बंदिस्त जागेत खेळावयाचा बेसबॉल या स्वरूपात झाला. उगमाची ही खूण मैदानाच्या मापांत आजही टिकून आहे. बेसबॉलमध्ये दोन बेसमधील अंतर ९० फूट असते, तर सॉफ्टबॉलमध्ये ते ६० फूट आहे. पिचरची पट्टी महिलांच्या सामन्यात होम प्लेटपासून ४३ फुटांवर आणि पुरुषांच्या सामन्यात ४६ फुटांवर असते. ताशी ९६ किलोमीटर वेगाने टाकलेला चेंडू ४३ फुटांचे अंतर अर्ध्या सेकंदाच्या आत कापतो. चपळ धावपटू होम प्लेटपासून पहिल्या बेसपर्यंत तीन सेकंदांच्या आसपास पोहोचतो. पंचाला जागा बदलण्यासाठी, थांबण्यासाठी, पाहण्यासाठी आणि निर्णय देण्यासाठी मिळणारा अवधी एवढाच असतो.

बेसबॉल आणि सॉफ्टबॉल यांची पंचगिरी वरवर सारखी भासली तरी या आखूड मापांमुळे तिच्यात मूलभूत फरक पडतो. बेसबॉलमध्ये धावपटू असताना बेस पंच चौकोनाच्या, म्हणजे डायमंडच्या, आत उभा राहू शकतो. सॉफ्टबॉलमध्ये आतली जागा इतकी अपुरी आहे की तेथे उभा असलेला पंच फटक्याच्या किंवा क्षेत्ररक्षकाच्या वाटेत येण्याची भीती असते. फटकावलेला वैध चेंडू पिचरखेरीज अन्य इनफिल्डरला ओलांडण्यापूर्वी पंचाला लागला तर तो मृत ठरतो आणि फलंदाजाला पहिला बेस बहाल होतो. पंचाच्या पायाला चेंडू लागल्याने एखाद्या संघाची नामी संधी हुकावी, यापेक्षा लाजिरवाणा प्रसंग पंचासाठी दुसरा नसेल. म्हणून चेंडू टाकला जात असताना सॉफ्टबॉलचा बेस पंच इनफिल्डच्या क्षेत्ररक्षकांच्या रेषेपाठीमागे किंवा बाजूस राहतो.

दुसरा फरक धावपटूच्या सुटण्याविषयी आहे. वेगवान सॉफ्टबॉलमध्ये चेंडू पिचरच्या हातातून सुटेपर्यंत धावपटूचा पाय बेसला लागलेला असावा लागतो. तो आधी सुटल्यास बाद ठरतो आणि ती फेक गणली जात नाही. म्हणजेच बेस पंचाला एकाच क्षणी दोन गोष्टी पाहाव्या लागतात, पिचरचा हात आणि धावपटूचा पाय. मान वळवून या दोन गोष्टी आळीपाळीने पाहता येत नाहीत, कारण तेवढ्यात तो क्षण निघून जातो. दोन्ही एकाच दृष्टिक्षेपात मावतील अशी जागा आधीच घेणे हा एकच उपाय उरतो. पहिल्या बेसवर धावपटू असता पहिल्या व दुसऱ्या बेसमधील रेषेमागे, आणि दुसऱ्या बेसवर धावपटू असता दुसऱ्या व तिसऱ्या बेसमधील रेषेमागे शॉर्टस्टॉपच्या बाजूला, अशी जी स्थाने सांगितली जातात त्यांच्या मुळाशी हेच कारण आहे.

चार घटक आणि एक कोन :

अमेरिकेतील ॲमॅच्युअर सॉफ्टबॉल असोसिएशन (स्थापना १९३३, २०१७ पासून यूएसए सॉफ्टबॉल) या संस्थेने पंचांच्या हालचालींचे जे शास्त्र विकसित केले त्याचा प्रभाव जगभरच्या पंचप्रशिक्षणावर आहे. या शास्त्राचा पाया साधा आहे. कोणत्याही बेसवरील निर्णयात चार घटक एकत्र येतात : चेंडू, क्षेत्ररक्षक, धावपटू आणि बेस. हे चारही घटक सतत पंचाच्या समोर असले पाहिजेत. त्यांतील एकाकडे जरी पाठ झाली तरी निर्णयाचा एक पाय लंगडा होतो.

तथापि चारही घटक समोर असणे पुरेसे नाही. ते योग्य कोनातून दिसले पाहिजेत. एक साधे उदाहरण घेता येईल. महामार्गावर दोन बसगाड्या एकामागून एक जात असतील तर त्यांच्यातील अंतर रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या माणसाला स्पष्ट दिसते. मागून येणाऱ्या तिसऱ्या वाहनाच्या चालकाला मात्र पुढची बस जवळजवळ दिसतच नाही, मग ते वाहन कितीही जवळ असो. चेंडू हातमोज्यात शिरणे आणि धावपटूचा पाय बेसवर पडणे यांतील अंतरही असेच आहे. फेकीच्या रेषेशी सुमारे काटकोन करून उभा असलेला पंच ते अंतर पाहतो. फेकीच्या मागे किंवा समोर उभा असलेला पंच ते कल्पनेने भरून काढतो.

पहिल्या बेसवर फलंदाज-धावपटू धावत असताना त्याला स्पर्श करण्याची गरज नसते. क्षेत्ररक्षकाने चेंडू घेऊन बेसला स्पर्श केला की पुरे, यालाच फोर्स आउट म्हणतात. येथे पंचाने साधारण १५ ते १८ फूट अंतरावर राहावे असे सांगितले जाते. याहून जवळ गेल्यास क्षेत्ररक्षकाचा पाय, हातमोजा आणि धावपटूचा पाय एका नजरेत मावत नाहीत. फेक सुटेपर्यंत नजर चेंडूवर, नंतर बेसवर. पाय डोळ्यांनी पाहावयाचा आणि चेंडू हातमोज्यात पडल्याचा आवाज कानांनी ऐकावयाचा, अशी ही रीत आहे. शेकडो विद्यार्थ्यांच्या गोंगाटात हा आवाज बुडून जातो, हे मात्र कोणत्याही पुस्तिकेपेक्षा आपल्याकडील अंतिम सामना अधिक चांगले शिकवतो.

टॅगच्या निर्णयात, म्हणजे क्षेत्ररक्षकाने धावपटूला चेंडूसह स्पर्श करावयाचा असतो तेव्हा, गणित बदलते. तेथे स्पर्श झाला की नाही, आणि झाला तर पाय बेसला लागण्यापूर्वी झाला की नंतर, हे पाहावयाचे असते. म्हणून पंच १० ते १२ फुटांपर्यंत जवळ सरकतो आणि धावपटूच्या मार्गाशी काटकोन साधतो. मात्र या दोन्ही प्रसंगी अंतरापेक्षा कोन श्रेष्ठ मानला जातो. दूरवर पण योग्य कोनात उभा असलेला पंच, अगदी जवळ पण क्षेत्ररक्षकाच्या पाठीमागे सापडलेल्या पंचापेक्षा अधिक पाहतो. बाहेरून पाहणाऱ्याला याच्या उलट वाटते आणि धावत बेसवर जाऊन पोहोचणाऱ्या पंचाचे कौतुक होते. धावत असताना डोळे हलतात, आणि हलत्या डोळ्यांना वीतभर अंतराचा निवाडा करता येत नाही. निर्णयाच्या क्षणी पंच स्थिर असला पाहिजे, मग दोन पावले कमी पडली तरी चालतील.

प्लेट पंचाचे स्थान :

होम प्लेटमागील पंचाचे काम सर्वांच्या परिचयाचे असल्याने त्याचा विस्तार येथे करण्याचे कारण नाही. एवढेच नमूद करावयास हवे की तो कॅचरच्या थेट मागे उभा राहत नाही. कॅचर आणि फलंदाज यांच्यामधील फटीत, म्हणजे फलंदाजाच्या बाजूच्या कॅचरच्या खांद्यावरून, तो पाहतो. उजव्या हाताच्या फलंदाजासाठी ही जागा कॅचरच्या डाव्या खांद्यावर येते. १७ इंच रुंदीच्या प्लेटची आतली कड त्याला तेथून निर्विवादपणे दिसते. बाहेरची कड दिसण्यासाठी डोके पुरेसे उंच असावे लागते. कॅचर हालला म्हणून पंचाने हालू नये, कारण डोक्याची उंची प्रत्येक चेंडूगणिक बदलली की स्ट्राइकचे क्षेत्रही बदलते आणि पिचरला आपल्यावर अन्याय होतो आहे असे वाटते. ते वाटणे चुकीचेही नसते.

चेंडू फटकावला गेल्यावर मात्र प्लेट पंचाचे खरे काम सुरू होते आणि तेथेच आपल्याकडील पंचगिरी उणी पडते. चेंडू मारला गेला की प्लेट पंच प्लेटजवळच थांबतो आणि ‘आता पुढचे बेस पंच पाहील’ असे मानतो. वस्तुतः बेस रिकामे असताना इनफिल्डमध्ये फटका गेल्यास त्याने मुखवटा काढून फलंदाजामागोमाग पहिल्या बेसच्या दिशेने काही अंतर जावयाचे असते. अर्ध्या वाटेपासून पुढे, म्हणजे शेवटच्या ३० फुटांत, धावपटूसाठी तीन फुटांची मार्गिका आखलेली असते. ती सोडून धावल्याने फेकीला अडथळा झाला काय, पहिल्या बेसवरील क्षेत्ररक्षकाचा पाय बेसवरून सुटला काय, या गोष्टी त्याला समोरून दिसतात. ज्या स्पर्धांत दुहेरी पहिला बेस वापरला जातो तेथे फलंदाज-धावपटू नारिंगी भागावर गेला की पांढऱ्या, हेही त्यालाच नीट दिसते. निर्णय बेस पंचाचाच, पण दुसरा साक्षीदार तयार असतो.

आत आणि बाहेर :

बेस पंचाच्या हालचालींचे सूत्र एका वाक्यात मावते. चेंडू इनफिल्डच्या आत राहिला तर पंच बाहेर राहतो, आणि चेंडू बाहेर आउटफिल्डमध्ये गेला तर पंच आत शिरतो. कारण उघड आहे. चेंडू आत असेल तर फेकी आतून होणार; आतला पंच त्या फेकींच्या वाटेत येईल. चेंडू आउटफिल्डमध्ये गेल्यास तेथून येणारी फेक, तीनही बेस आणि धावपटू हे सारे डायमंडच्या मध्याजवळून केवळ वळून पाहता येते. बाहेर राहिल्यास पंचाला सबंध परिघावर धावावे लागेल. होम प्लेटपासून दुसऱ्या बेसचे अंतर सुमारे ८५ फूट आहे. त्याच्या मध्याजवळ उभ्या असलेल्या पंचाला कोणताही बेस ४२ फुटांहून फारसा अधिक दूर नसतो.

बेस रिकामे असताना बेस पंच पहिल्या बेसच्या पलीकडे १८ ते २१ फुटांवर, उजव्या फाउल रेषेच्या बाहेर असतो. फटका आउटफिल्डमध्ये गेला की तो रेषा ओलांडून आत येतो आणि आकड्यासारखे वळण घेऊन तोंड पहिल्या बेसकडे करतो. फलंदाज-धावपटूचा पाय पहिल्या बेसला लागला की नाही हे पाहतो आणि त्याच्यापुढे राहून दुसऱ्या बेसकडे सरकतो. या वळणात त्याची पाठ क्षणभर चेंडूकडे होते. म्हणूनच वळण घेण्यापूर्वी त्याने खांद्यावरून एकदा चेंडू कोठे आहे ते पाहावयाचे असते. फटका झाल्याबरोबर धावत सुटणे ही नवख्या पंचाची सर्वांत मोठी चूक होय. थांबणे, फटका ओळखणे आणि मग हालणे असा क्रम सांगितला जातो. थांबण्याचा तो क्षण निम्म्या सेकंदाचाही नसतो, पण तो गाळला तर बाहेर जाणाऱ्या चेंडूसाठी पंच बाहेर राहतो आणि आत राहणाऱ्या चेंडूसाठी आत शिरतो.

एक प्रसंग :

या तत्त्वांचा कस लागतो तो एकाहून अधिक धावपटू असताना. पहिल्या बेसवर धावपटू आहे, एक खेळाडू बाद झालेला आहे आणि उजव्या आउटफिल्डमध्ये जमिनीवरून जोरकस फटका गेला आहे, असे समजू. पहिल्या बेसवरील धावपटू दुसरा बेस ओलांडून तिसऱ्याकडे निघतो. फलंदाज पहिला बेस वळून दुसऱ्याकडे डोळा ठेवून आहे. पंच दोन, बेस चार, आणि प्रत्येक बेसवर काही ना काही घडण्याची शक्यता.

बेस पंच आत येतो. पुढच्या धावपटूचा पाय दुसऱ्या बेसला लागला काय आणि फलंदाजाचा पहिल्याला लागला काय, हे दोन्ही त्याने पाहावयाचे असते. चेंडूवर सतत नजर ठेवण्याचा मोह त्याला आवरावा लागतो, कारण चेंडू हवेत असताना किंवा आउटफिल्डमध्ये घरंगळत असताना तेथे निर्णय देण्यासारखे काही नसते. प्लेट पंच चेंडू वैध ठरताच डाव्या फाउल रेषेबाहेरून तिसऱ्या बेसकडे निघतो आणि मोठ्याने आपल्या सहकाऱ्याला तसे सांगतो. तो थेट बेसवर जात नाही, तर होम प्लेट आणि तिसरा बेस यांच्यामध्ये एका टप्प्यावर थांबून अंदाज घेतो. फेक तिसऱ्याकडे आली तर तो रेषा ओलांडून आत येतो आणि तिसऱ्या बेसवरील टॅगचा निर्णय देतो. धावपटू दुसऱ्यावरच थांबला तर तो प्लेटकडे परततो, आणि हेही मोठ्याने सांगतो.

आता मोकळे काय राहिले? प्लेट पंच तिसऱ्या बेसकडे गेल्यावर होम प्लेटवर कोणी नाही. बेस पंच दुसऱ्या बेसवरील संभाव्य टॅगकडे वळला तर पहिला बेस त्याच्या पाठीमागे आहे. द्विपंच पद्धतीचे मर्म येथे आहे. दोन माणसे चार बेस सांभाळू शकत नाहीत, म्हणून कोणते दोन सोडावयाचे हे आधी ठरवावे लागते. पुढचा धावपटू जोवर तिसऱ्या बेसवर पोहोचलेला नाही तोवर होम प्लेटवर निर्णय उद्भवणार नाही. म्हणून होम प्लेट काही काळ सोडणे हा बेफिकीरपणा नसून हिशेब आहे. उलट, प्लेट सोडवत नाही म्हणून प्लेट पंच जागचा हालला नाही, तर तिसऱ्या बेसवरील निर्णय दुसऱ्या बेसजवळून, ५० – ६० फुटांवरून, बेस पंचाला द्यावा लागतो आणि तेवढ्यात फलंदाज दुसऱ्या बेसवर गेला तर त्याकडे पाहायला कोणीच उरत नाही.

तिसऱ्या बेसवरील फेक क्षेत्ररक्षकाच्या हातून निसटून मैदानाच्या हद्दीबाहेर गेली तर आणखी एक हिशेब निघतो. हद्दीबाहेर गेलेल्या फेकीबद्दल धावपटूंना दोन बेस दिले जातात आणि ते चेंडू फेकणाऱ्याच्या हातातून सुटतेवेळी धावपटू कोठे होता यावरून मोजले जातात. त्या क्षणी फलंदाज पहिल्या बेसच्या अलीकडे होता की पलीकडे, हे चेंडूकडे पाहत असलेल्या प्लेट पंचाला सांगता येणार नाही. ते बेस पंचाने टिपलेले असले पाहिजे. आपल्याकडे बहुतांश सामने खुल्या मैदानावर होतात. कुंपण नसते, फुटबॉलच्या किंवा क्रिकेटच्या मैदानावर चुन्याने डायमंड आखलेला असतो, एका बाजूला झाडे आणि दुसऱ्या बाजूला प्रेक्षकांच्या दुचाकी असतात. अशा मैदानावर चेंडू हद्दीबाहेर जाणे ही अपवादात्मक घटना नसते. तेव्हा हद्द कोठे संपते आणि फेकीच्या क्षणी कोणी कोणाकडे पाहावयाचे, ही दोन्ही उत्तरे सामन्यापूर्वी दोघा पंचांकडे सारखी असणे आवश्यक आहे.

संवाद आणि साहाय्य :

दोन पंचांच्या कामात दोन प्रकारचे दोष संभवतात. एकाच घटनेवर दोघांनी परस्परविरोधी निर्णय देणे हा पहिला, आणि दोघांपैकी कोणीही निर्णय न देणे हा दुसरा. पहिल्याने हसे होते, दुसऱ्याने खेळाडू बेसवर बावरून उभे राहतात. दोहोंचे मूळ एकच, समोरच्याने काय गृहीत धरले आहे हे ठाऊक नसणे. पंचांच्या हातांच्या खुणा यासाठीच असतात. बाद खेळाडूंची संख्या, इनफिल्ड फ्लायचा नियम लागू होणारी स्थिती (पहिल्या व दुसऱ्या किंवा तीनही बेसवर धावपटू आणि दोनांपेक्षा कमी बाद), फिरत्या जागांची पूर्वसूचना या गोष्टी दोघे पंच प्रत्येक नव्या फलंदाजापूर्वी एकमेकांना नजरेने आणि हाताने सांगतात. क्षेत्ररक्षकाने चेंडू नसताना धावपटूची वाट अडवली तर डावा हात मूठ बंद करून आडवा धरला जातो. खेळ चालू राहतो, पण आपण अडथळा पाहिला आहे हे सहकाऱ्याला आणि संघांना त्यावरून कळते.

साहाय्य मागणे हा त्याहून नाजूक विषय आहे. नियमानुसार एका पंचाच्या अधिकारकक्षेतील निर्णय दुसरा पंच स्वतःहून फिरवू शकत नाही. अर्धवट फटक्याबाबत प्लेट पंचाने विचारले तरच बेस पंच आपले मत देतो. पहिल्या बेसवर क्षेत्ररक्षकाचा पाय सुटला असे प्लेट पंचाला स्पष्ट दिसले तरी, बेस पंचाने विचारल्यावाचून तो बोलत नाही. वरकरणी हे न्यायाच्या विरुद्ध वाटते. पण प्रत्येक निर्णयावर दुसऱ्याने मत द्यावयाचे ठरले तर कोणताच निर्णय अंतिम राहणार नाही आणि ज्या संघाचा आवाज मोठा त्याच्या बाजूने चर्चा झुकेल. म्हणून जबाबदारी विचारणाऱ्यावर आहे. आपल्या जागेवरून एखादी बाब दिसली नाही हे ज्याला प्रामाणिकपणे जाणवते त्याने सहकाऱ्याकडे जाऊन, संघांपासून दूर, विचारावे. आपल्याकडे ज्येष्ठ-कनिष्ठतेचा संकोच येथे आड येतो. आपल्याच माजी विद्यार्थ्यासोबत पंच म्हणून उभ्या असलेल्या ज्येष्ठ प्राध्यापकाला ‘तुला काय दिसले?’ असे मैदानात सर्वांदेखत विचारणे जड जाते, आणि ‘सर, पाय सुटला होता’ हे उत्तर त्या विद्यार्थ्यालाही जड जाते. याचा भुर्दंड मात्र त्या दिवशी खेळणाऱ्या संघाला पडतो.

टोकियो ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यातील एक क्षण या संदर्भात पाहण्याजोगा आहे. २७ जुलै २०२१ रोजी योकोहामा येथे झालेल्या या सामन्यात जपानने अमेरिकेवर २–० असा विजय मिळविला. सहाव्या डावात अमेरिकेच्या अमांडा चिडेस्टरने मारलेला सरळ जोरकस फटका तिसऱ्या बेसवरील यू यामामोटोच्या हातावर आदळून उडाला आणि जमिनीवर पडण्यापूर्वी शॉर्टस्टॉप माना अत्सुमीने तो टिपला. तिने लगोलग दुसऱ्या बेसकडे फेक केली आणि बेस सोडून पुढे निघालेली मिशेल मोल्ट्री बाद झाली. प्रेक्षकाने यात क्षेत्ररक्षणाची करामत पाहिली. पंचांना त्याच दोन सेकंदांत तीन स्वतंत्र प्रश्नांची उत्तरे द्यावयाची होती. एका क्षेत्ररक्षकाला लागून उडालेला चेंडू दुसरीने टिपला तेव्हा तो जमिनीला लागला होता काय? नसेल तर झेल वैध. धावपटू मूळ बेसवर परतली होती काय? आणि फेक घेणाऱ्या खेळाडूचा पाय बेसवर होता काय? पहिला प्रश्न झेलाचा, दुसरा धावपटूच्या पायाचा, तिसरा क्षेत्ररक्षकाच्या पायाचा. आणि तिन्ही ठिकाणे वेगळी. चारही घटक समोर ठेवण्याचे सूत्र येथे केवळ उपयुक्त नव्हे, तर अपरिहार्य ठरते. हाच फटका दोन पंचांच्या सामन्यात पडला, तर झेल कोणी पाहावयाचा आणि दुसरा बेस कोणी, हे चेंडू हवेत असताना ठरविण्यास वेळ मिळणार नाही.

तीन आणि चार पंच :

पंचांची संख्या वाढली की काम आपोआप सोपे होते असा समज आहे. चार पंच असताना तो बऱ्याच अंशी खराही आहे, कारण प्रत्येक बेसला एक पंच मिळतो. तीन पंचांच्या पद्धतीत मात्र जागा फिरत्या असतात. बेस रिकामे असताना आउटफिल्डमध्ये फटका गेल्यास तिसऱ्या बेसकडचा पंच दुसऱ्याकडे सरकतो, प्लेट पंच तिसऱ्याकडे जातो आणि पहिल्या बेसचा पंच धावपटूचा स्पर्श पाहून रिकाम्या झालेल्या होम प्लेटकडे येतो. हे चक्र सुरळीत फिरले तर प्रेक्षकाला काही जाणवतही नाही. एकाने जरी आपली जागा सोडण्यास उशीर केला तर एका बेसवर दोन पंच आणि दुसऱ्यावर एकही नाही अशी स्थिती येते. एखादा अवघड झेल पाहण्यासाठी त्यांपैकी एक जण आउटफिल्डकडे धावला तर खेळ थांबेपर्यंत त्याने परतावयाचे नसते; उरलेले दोघे त्या क्षणापासून द्विपंच पद्धतीने काम करतात. म्हणजे तीन पंचांच्या पद्धतीतही शेवटी दोघांचेच गणित पक्के असावे लागते. स्पर्धेच्या अंतिम दिवशी तिसरा पंच मिळाला म्हणून आयत्या वेळी त्याला उभे करणे, दोघांचा सराव नसेल तर, फायद्याऐवजी गोंधळाचे ठरू शकते.

सरावाचा प्रश्न :

या साऱ्या हालचाली चेंडूशिवाय शिकता येतात, ही गोष्ट आपल्या महाविद्यालयांच्या दृष्टीने सोयीची आहे. सामन्यापूर्वी अर्धा तास दोघे पंच डायमंडवर चालून पाहू शकतात : बेस रिकामे, पहिल्यावर धावपटू, पहिल्या व दुसऱ्यावर, तीनही भरलेले. प्रत्येक स्थितीत एकाने फटक्याची दिशा सांगावी आणि दोघांनी आपापल्या जागी जाऊन थांबावे. कोणता बेस मोकळा राहिला हे त्यांना स्वतःलाच दिसते. उंच झेलानंतर धावपटू बेस सोडून निघाला तर पहिल्या स्पर्शाचा क्षण आणि धावपटूचा पाय कोणी पाहावयाचा, तिसऱ्या बेसची ही जबाबदारी प्लेट पंचाकडे आणि बाकीची बेस पंचाकडे, हे याच वेळी ठरते.

बरोबरीत सुटलेल्या सामन्यात याची गरज वाढते. सात डावांनंतर गुणसंख्या समान राहिली तर आंतरराष्ट्रीय नियमांनुसार आठव्या डावापासून प्रत्येक संघाचा डाव दुसऱ्या बेसवर धावपटू ठेवूनच सुरू होतो. एकही चेंडू टाकला जाण्यापूर्वी बेस पंचाला दुसऱ्या व तिसऱ्या बेसमधील रेषेमागे जावे लागते, पिचरचा हात आणि धावपटूचा पाय एका दृष्टीत घ्यावा लागतो. प्लेट पंचाला प्रत्येक फटक्यावर होम प्लेटवर धाव होऊ शकते हे गृहीत धरावे लागते आणि पहिल्या बेसपर्यंत फलंदाजामागे जाण्याची सवय आवरावी लागते. दिवसभराच्या उन्हानंतर, तिसरा किंवा चौथा सामना पाहत असताना, सायंकाळच्या तिरप्या प्रकाशात ही जागा बदलण्याचा विसर पडतो तो नेमका याच डावात.